घरातली माणसं थकायला लागतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत वाशी, नेरुळ, सानपाड्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात सिडकोचं घर घेऊन जी जोडपी गिरगाव-लालबागहून आली, ती आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं बोट धरून तेव्हा शाळेत जाणारी मुलं पन्नाशीला टेकली आहेत. त्यामुळे बऱ्याच घरांत चाळिशीचा चष्मा आणि मोतीबिंदूचे थेंब एकाच फडताळात सापडतात. सोसायटीच्या गेटवर, हळदीकुंकवाला, विरंगुळा केंद्राच्या बाकावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. कुठे थांबायचं आणि दवाखान्यात कधी जायचं, ते त्या त्या उत्तरात लिहिलं आहे.

मोबाइल लांब धरून वाचावा लागतो. इतक्यात?

चाळिशी ओलांडली असेल तर अगदी वेळेवर. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं. वयाबरोबर ते ताठर होतं आणि पूर्वीइतकं फुगत नाही. खरं तर मोबाइलच्या आधी सुई ओवताना किंवा गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचतानाच हे जाणवायला लागलेलं असतं, पण ते काम तेवढ्यापुरतं मुलाकडे सरकवलं जातं. संध्याकाळी त्रास जास्त होतो कारण उजेड कमी असतो. म्हणून ओट्यावर आणि वाचायच्या खुर्चीशी चांगला दिवा लावा, निम्मी चिडचिड तिथेच संपते.

नंबर साठीपर्यंत थोडा थोडा वाढत राहतो, त्याचं दडपण घेऊ नका. दुकानातला तयार चष्मा कामापुरता चालतो, पण तो घेतला म्हणून तपासणी टाळू नका. काचबिंदू बहुतेकदा दुखतही नाही आणि जाणवतही नाही. तो शोधायला डोळ्यांचं प्रेशर आणि आतली शीर तपासावी लागते.

आईला ऐकू येतं, पण कळत नाही. मोठ्याने बोललं की म्हणते, "ओरडतोस कशाला?"

तिचं बरोबर आहे. वयामुळे कान कमी होतो तो वरच्या पट्टीकडून. आ, ओ, ऊ असे जाड आवाज येतात आणि स, श, फ, ट यांच्यासारखे बारीक आवाज गळतात. मग "साखर दे" म्हटलं की "भाकर कुठली आता?" असं उत्तर येतं आणि सगळे हसतात. ती हसत नाही. आवाज चढवला की जाड आवाज अजून मोठे होतात, बारीक आवाज काही त्या प्रमाणात सुधारत नाहीत, म्हणून तिला नुसता गोंगाट वाढल्यासारखा वाटतो.

आतल्या खोलीतून हाक मारून बोलणं बंद करा. समोर या, आधी तिला नावाने किंवा नात्याने हाक मारा, मिक्सर किंवा टीव्ही थांबवा आणि मग सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. त्याआधी एकदा कान तपासून घ्या. कित्येकदा नुसता मळ साचलेला असतो आणि तो निघाल्यावर घर एकदम शांत होतं.

कानाचं मशीन लागलं तर पहिल्या काही आठवड्यांत पंखा, भांडी, पायताणं, सगळंच कानावर आदळतं. बरीच मशीनं याच काळात टेबलाच्या खणात जाऊन पडतात. सुरुवात सकाळी, शांत घरात, थोड्या वेळापुरती करावी. लग्नाच्या हॉलमध्ये मशीनचा श्रीगणेशा करू नये, माणूस त्याचं कायमचं नाव टाकतं. आणि एक लक्षात ठेवा: एका कानाचं ऐकणं अचानक एका दिवसात गेलं, तर त्याला वय म्हणत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बाबांना सगळंच अळणी लागतं. वरून मीठ घेतात.

वयाबरोबर वास कमी होतो आणि त्याबरोबर चवही. काही गोळ्यांमुळेही तोंडाची चव जाते. ब्लडप्रेशर असेल तर मीठदाणी ताटाजवळून हलवा आणि लिंबू, आमसूल, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी यांचा हात जरा सैल सोडा. आमच्याकडे ताकाला आलं-मिरची लावल्यापासून वरच्या मिठाची मागणी निम्म्यावर आली.

मिठापेक्षा मला वासाची जास्त काळजी वाटते. दूध करपलं तरी ज्यांना शेजारच्या खोलीत कळत नाही, त्यांना गॅस सुटलेलाही कळणार नाही. घरी दिवसा एकटं राहणारं कुणी असेल तर गळती कळवणारा अलार्म बसवून घ्या आणि रात्री नळीचा कॉक बंद करण्याचं काम तरुण माणसाकडे द्या.

पहाटे चारलाच उठून बसतात. झोप पुरते का?

बहुतेकदा पुरते. वय वाढलं की झोपेचं घड्याळ पुढे सरकतं: रात्री आठला डोळे मिटायला लागतात आणि पहाटे उघडतात. दुपारी दोन तास घोरणाऱ्याने रात्रीची तक्रार करू नये, एवढं मात्र त्यांना सांगायला हरकत नाही. रात्री वारंवार लघवीला उठावं लागत असेल तर साखर, प्रोस्टेट आणि पायांवरची सूज तपासून घ्या. खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर झिरोचा दिवा हवाच. वाटेतलं पायपुसणं उचलून टाका, विशेषतः ते कडा वळलेलं, आवडीचं जुनं.

खाली बसलं की उठताना हात टेकावा लागतो. गुडघे गेले का?

गुडघ्यांना नाव ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण बऱ्याच वेळा मांडीचे स्नायू बारीक झालेले असतात. घरीच बघता येतं. हात छातीवर बांधून खुर्चीतून ५ वेळा उठा-बसा. १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायांतली ताकद कमी झाली आहे असं डॉक्टर धरतात. (तोल जात असेल तर कुणीतरी शेजारी उभं राहावं.)

हे बऱ्याच अंशी परत मिळवता येतं, सत्तरीतही. त्यासाठी चालणं चांगलंच, पण नुसतं पुरत नाही. खुर्चीतून उठ-बस, कठडा धरून टाचा उचलणं, जिना चढणं असं पायांवर वजन येणारं काम हवं. जोडीला डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते. आपल्या म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण मऊ भात आणि चमचाभर वरण एवढ्यावर येतं, आणि त्याला कौतुकाने "हलकं जेवण" म्हटलं जातं. त्यात स्नायूंना फारसं काही मिळत नाही.

पूजेला पाटाऐवजी स्टूल दिलं तर देव रागावत नाही. मात्र ज्यांना अजून मांडी घालता येते त्यांची मांडी आपण होऊन सोडवू नका.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुढे कसं होणार?

नवी मुंबईतल्या जुन्या सेक्टरांमधला हा सगळ्यात मोठा प्रश्न. सिडकोच्या त्या काळातल्या कितीतरी इमारती तळमजला आणि वर तीन-चार मजले अशा, लिफ्टविना. तिशीत पिशव्या घेऊन धावत चढलेला जिना पंचाहत्तरीत उंबरठ्यासारखा आडवा येतो. माणूस आजारी नसतं, पण "आता पुन्हा चढायचं" या विचाराने खाली उतरणं टाळतं. आधी संध्याकाळची फेरी जाते, मग भाजी, मग देऊळ. घरच्यांना वाटतं, यांना आता कशात रसच उरला नाही.

लिफ्ट बाहेरून बसवता येते का, तर काही इमारतींना येते. सर्वसाधारण सभेत ठराव, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि पालिकेची परवानगी, हे सगळं लागतं. खरी अडचण तळमजल्यावाल्यांची असते: आम्हाला उपयोग नाही, आम्ही पैसे का द्यायचे? त्यात कुठेतरी पुनर्विकासाची चर्चा चालू असली की लिफ्टचा विषय वर्षानुवर्षं पुढच्या सभेवर जातो. त्या भरवशावर राहू नका. तोवर करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे.

जिन्याला भिंतीच्या बाजूनेही धरायला पाइप लावून घ्या, म्हणजे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मजबूत हाताला आधार मिळतो. शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळा रंग मारा. घसरणं बहुतेकदा तिथेच होतं, कारण पायऱ्या संपल्या असं वाटतं आणि एक उरलेली असते. जिन्यातले दिवे कायम चालू हवेत. मधल्या मजल्यावर टेकायला भिंतीला मिटणारी फळी लावता येते. खुर्ची ठेवली तर सेक्रेटरी वाट अडते म्हणून हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. भाजी-दुधासाठी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडणाऱ्या आजी अजूनही दिसतात. त्यांना हसू नका, तो दिवसातला दोन माणसांशी बोलायचा वेळ असतो.

ज्यांना जमतं त्यांनी त्याच सोसायटीत तळमजल्याचं घर भाड्याने घेऊन आपलं वरचं घर भाड्याने द्यावं. माझ्या मते मुलाच्या खारघरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर नेण्यापेक्षा हे बरं. तिथे लिफ्ट मिळते, पण चाळीस वर्षांचे शेजारी सुटतात.

बाथरूममध्ये नेमकं काय बदलायचं?

कमोडशेजारी आणि नळाजवळ धरायचे दांडे, भिंतीत पक्के बसवलेले. टॉवेलच्या दांड्याला धरून उठायची सवय असेल तर तो दांडा एक दिवस माणसासकट खाली येईल. अंघोळीला प्लॅस्टिकचं रुंद पायांचं स्टूल. आतल्या कडीऐवजी बाहेरून उघडता येईल असं लॅच. एवढं सत्तरी यायच्या आधी करा. पडल्यावर सगळेच करतात.

पडलेच तर?

लगेच ओढून उभं करू नका. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, मांडीच्या सांध्यात दुखत असेल, तर हलवू नका आणि १०८ला फोन करा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस हसत-बोलत असलं तरी हॉस्पिटलात न्या.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते असं ते म्हणत असतील तर बसून आणि उभं राहून ब्लडप्रेशर मोजायला सांगा. गोळीचा डोस जास्त होत असतो कधीकधी. पाणी कमी पडणं हेही कारण असतं. उतारवयात तहानच कमी लागते, म्हणून "तहान नाही" यावर विसंबू नका.

नावं आठवत नाहीत. ही डिमेन्शियाची सुरुवात आहे का?

सर्वांत भीतभीत विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणारा बहुधा स्वतःबद्दलच विचारत असतो. नाव जिभेवर येऊन अडणं, चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, स्वयंपाकघरात जाऊन "मी कशाला आले?" म्हणणं, हे पन्नाशीनंतर होतं. थोड्या वेळाने आठवतं. स्वतःला जाणवतं, स्वतःच सांगता येतं.

वेगळं काय दिसतं? रोजच्या भाजीवाल्याकडे एखादीला सुट्या पैशांचा हिशेब लागेनासा होतो, म्हणून ती पाचशेची नोट पुढे करते आणि परत येईल ते न मोजता पिशवीत टाकते. चाळीस वर्षं केलेल्या पुरणपोळीत क्रम चुकतो. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो आणि आधी विचारल्याचं स्मरण नसतं. ओळखीच्या सेक्टरमध्ये कुठे वळायचं ते कळत नाही. नेरुळ-वाशीत एकसारख्या इमारती असल्याने पाहुणे नेहमीच चुकतात, पण तिथे जुनं राहणारं माणूस चुकत असेल तर ते वेगळं. कधी विसरण्याआधी स्वभावच बदलतो: काटेकोर माणूस अघळपघळ होतो, नाहीतर कामवाल्या बाईंवर चोरीचा संशय सुरू होतो. आणि बऱ्याचदा हे घरात दिसत नाही, कारण नवरा सांभाळून घेत असतो. तिच्या वतीने उत्तरं देतो, बिलं भरतो. तो चार दिवस हॉस्पिटलात गेला की सगळं उघडं पडतं.

असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रसंग लिहून काढा, तारखेसह. "हल्ली विसरते" यापेक्षा "गेल्या मंगळवारी दोनदा दूध घेतलं आणि पहिलं घेतल्याचं मान्य केलं नाही" हे डॉक्टरांना उपयोगी पडतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, न दिसणारं नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो, आणि ही कारणं उपचारांनी बरीच सुधारतात. शाकाहारी घरांत बी-१२ आधी बघावं. तपासणीला नेताना "तुझी स्मरणशक्ती तपासायची आहे" असं म्हणायची गरज नाही, "वार्षिक तपासणी" पुरे. आणि चारचौघांत "सांग बरं, हा कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांनाही घेऊ देऊ नका.

पेन्शनसाठी बोटाचा ठसाच उमटत नाही. आता?

वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि जन्मभर भांडी-धुणी केलेल्या हातांच्या तर अधिकच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलेल्या आजी मशीनवर एकेक बोट दाबत राहतात आणि खिडकीतला माणूस म्हणतो, "नीट दाबा." आता चेहऱ्यावरून दाखला देता येतो. त्यासाठी मोबाइलवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅप लागतात. चांगल्या उजेडात, चष्मा काढून बघा. पोस्टमनला घरी बोलावूनही हे काम होतं, त्याचं थोडं शुल्क पडतं. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टळते.

बाबांना गाडी चालवू नका असं कसं सांगायचं?

आधी बघा की खरंच थांबवायची आहे का. पाम बीच रस्त्यावर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, दिव्याभोवती कडं दिसतं, तर तो मोतीबिंदू असू शकतो, आणि त्याचं ऑपरेशन होतं. तोवर दिवसाच आणि सेक्टरच्या आतच चालवा, असा करार करता येतो. गाडीवर नवे ओरखडे दिसायला लागले, सिग्नल उशिरा लक्षात यायला लागला, तर मात्र मागच्या सीटवर बसून आडून सुचवण्यात अर्थ नाही.

परवान्याचा आधार घ्या. वयाच्या ४० वर्षांनंतर नूतनीकरणाला १-अ नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि ५५ नंतर परवाना ५-५ वर्षांनीच वाढतो. नाही म्हणायचं काम डॉक्टरांना करू द्या. मुलाने किल्ली लपवली तर घरात महिनाभर अबोला होतो. आणि किल्ली घेतलीत तर रिक्षाचे पैसे त्यांच्या हातात ठेवा, मागायला लावू नका.

प्रवासात काय सवलती आहेत?

एसटीत राज्यात ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून तिकीट नाही आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३पासून कोणत्याही वयाला अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. मात्र आरक्षण करताना ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना उपलब्ध असेल तर खालचा बर्थ मिळतो. पंचेचाळिशीतल्या बायकांना हे ऐकून आनंद होतो की धक्का बसतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

७० पूर्ण झालेल्यांसाठी ते आयुष्मान कार्ड खरंच सगळ्यांना आहे?

हो, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण कुटुंबातले सत्तरीपुढचे सगळे मिळून. योजनेतलंच हॉस्पिटल लागतं, तेव्हा जवळचं कोणतं ते आधीच विचारून ठेवा. तसंच १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, आणि कुणी फोनवर "पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असं धमकावून पैसे काढून घेतले तर लगेच १९३०. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा.

माझी पाळी थांबून दोन वर्षं झाली. आता थोडं रक्त दिसलं. उष्णता असेल का?

उष्णता म्हणून सोडू नका. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहिल्यानंतर एक डागही दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा साधंच कारण निघतं, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्यांची फाइल सांभाळणाऱ्या बायका स्वतःचं शेवटी ढकलतात, म्हणून हा प्रश्न मुद्दाम घेतला.

मदत करायला गेलं की चिडतात. बोलायचं तरी कसं?

"आई, तुम्ही नका उचलू, पडाल" या वाक्याने कुणाचंही डोकं फिरेल. "आई, हे मला द्या, तुम्ही जरा ही शेंग मोडायला घ्या" असं म्हटलं की पातेलं आपोआप हातातून सुटतं. काम काढून घ्यायचं तर बदल्यात काम द्यावं लागतं. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना मुलाने बँकेचं सगळं ऑनलाइन करून दिलं, आणि त्यांची दर सोमवारची पासबुक भरायची फेरी गेली. पैसे वाचले, वेळ वाचला, काका मात्र घरात येरझारा घालायला लागले. शेवटी सोसायटीने त्यांना पाण्याच्या टाकीची नोंद ठेवायला सांगितली. आता ते टँकरवाल्याशी भांडतात आणि खूश असतात.

वस्तू आणतानाही तसंच. काठी समोर धरून "आता घ्या बाबा" म्हणण्यापेक्षा ती दाराशी छत्रीजवळ ठेवावी. पावसाळ्यात छत्रीच काठीचं काम करते, तिथून पुढे सवय लागते.

ज्येष्ठ नागरिक संघात जा म्हटलं तर म्हणतात, "तिथे सगळे म्हातारे असतात."

म्हणू द्या. नवी मुंबईत पालिकेची विरंगुळा केंद्रं बऱ्याच सेक्टरांत आहेत. पेपर, कॅरम, कधी बुद्धिबळ, कधी नुसतं राजकारण. एकदम सभासद करू नका. पेपर वाचायला म्हणून पहिल्यांदा जा, शक्यतो त्यांच्याच ओळखीच्या कुणाबरोबर, आणि तुम्ही सोडायला गेलात तर आत थांबू नका. सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा कंपू असतो, एक नाही जमला तर दुसरा बघा. आणि नाहीच आवडलं तर नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेतल्या ट्रॅकवर पहाटे चालणाऱ्यांमध्ये त्यांना स्वतःचे चार जण सापडतील. ते घरी सांगणार नाहीत, पण चहाला उशिरा यायला लागतील.